घरच्या इंटरनेटला शिस्त

३ मार्च, सकाळी ९
दहा दिवसांची रजा टाकली. ऑफिसमध्ये नेटवर्कचा साहेब मला राउटरला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी माझ्या एका प्रयोगात तीन मजले दुपारभर बंद होते, ते त्याने मनात धरलं आहे. गाढवाला गुळाची चव काय! आता घरीच करून दाखवतो. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर काढला, माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. आजपासून तोच राउटर. आवाज येतो थोडा. मिक्सरपेक्षा कमी.

बायको स्पीच थेरपिस्ट. अकरा वर्षांनी पुन्हा काम धरलंय. अडखळत बोलणाऱ्या मुलांना घरून व्हिडिओवर शिकवायचं. क्लिनिकने तीन आठवडे ट्रायलवर घेतलंय. जमलं तर कायम, नाही तर रामराम. म्हणाली, जुना राउटर बरा चालत होता, तीन आठवडे कशाला हात लावू नकोस. अडाण्यांशी मी वाद घालत नाही.

दुपारी ४
सासऱ्यांना ट्रॅफिक शेपिंग समजावलं. ते आमच्याकडेच असतात. टपाल खात्यात छत्तीस वर्षं पत्रं वेगळी करत होते, त्यामुळे बेताने सांगितलं. लाइन एकच, कुणाचं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, आधी सोडायचं ते राउटर ठरवतो. चार रांगा केल्यात. पहिली माझी, टेस्टिंगसाठी. दुसरी बायकोची. तिसरी सासऱ्यांच्या बुद्धिबळाच्या व्हिडिओंची. चौथी उपऱ्यांची, म्हणजे ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांची. तिला थेंब थेंब. सासरे म्हणाले, जावईबापू, पत्ता बदललेल्या माणसाचं पत्र कुठल्या खणात पडतं? आयुष्यभर खण बघितलेला माणूस आणखी काय विचारणार. हसून सोडून दिलं.

५ मार्च, सकाळी ११.१५
बायकोचं सेशन दोनदा अडकलं. म्हणते, पडद्यावर माझं तोंड उघडं राहतं ते तसंच राहतं. नाचता येईना, अंगण वाकडं. मी ग्राफ दाखवला. दुसरी रांग मोकळी, रेघ सपाट. म्हणजे दोष लॅपटॉपचा. तिने ग्राफकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

६ मार्च
मोठा शोध. लॅपटॉप चालू झाला की कधी कधी नेटवर्कवर नवा पत्ता घेतो. रांगेत नोंद जुन्या पत्त्याची. त्यामुळे बायको दोन दिवस उपऱ्यांत उभी होती. शोध सर्वस्वी माझा. सासरे म्हणाले, मी हेच तर विचारलं होतं. वय झालंय त्यांचं, वाटू दे.
लॅपटॉपला कायमचा पत्ता बांधून दिला.
संकल्प: ट्रायल संपेपर्यंत रांगा लावणाऱ्या स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

७ मार्च, सकाळी ८
हात लावला. माझ्यासारख्या माणसाच्या घरात एकच लाइन, हा अपमान आहे. मोबाइल डेटाचं डोंगल जोडलं. आता अ‍ॅडव्हान्स्ड राउटिंग. बायको डोंगलवरून, बाकी घर केबलवरून. ऑफिसच्या साहेबाला हे सात जन्मांत जमायचं नाही.

सकाळी ११.४०
बायकोची पॅकेट डोंगलच्या दाराने बाहेर गेली. उत्तरं त्याच दाराने परत आली. तर राउटरचं म्हणणं, यांचा रस्ता केबलच्या दाराने आहे, इथून आत घेणार नाही. सगळी उंबऱ्यावरूनच हाकलली. राउटर हुशार आहे, नको तिथे.
सेशन पूर्ण बुडालं. क्लिनिकच्या मोठ्या बाईंनी बायकोला फोनवर सांगितलं, आणखी एक बुडालं तर ट्रायल तिथेच संपेल. मला हे सांगताना बायकोने आवाज चढवला नाही. त्यामुळे मला जरा भीती वाटली. चहा स्वतःच करून घेतला.

९ मार्च, दुपारी १
डोंगल काढून ठेवलं. आज सहा वर्षांच्या एका मुलीचं सेशन होतं. पहिल्याच अक्षरावर अडते, मग गप्प बसते. त्याच वेळी मी पहिल्या रांगेचं टेस्टिंग करत होतो. टेस्टिंगशिवाय कळणार कसं? बायकोचं चित्र आणि आवाज मधूनमधून तुटत होता. मुलीने विचारलं म्हणे, बाई, तुम्हीपण अडखळता? बायको हो म्हणाली. मग मुलगी न घाबरता दहा मिनिटं बोलली. पहिल्यांदाच.
म्हणजे माझ्या शेपिंगचा उपचारात वाटा आहे. जेवताना तसं सांगितलं. बायको ताटावरून उठून गेली. कौतुक पचवायलाही मोठं मन लागतं.

१३ मार्च
चार दिवस एकही तक्रार नाही. ग्राफ लोण्यासारखा. बायको रोज सकाळी नऊला बाहेर पडते, चारला येते. कुठे विचारलं तर म्हणते, काम आहे. लॅपटॉप सोबत नेते. सेशन बहुधा संध्याकाळी ठेवली असावीत. मी खोलात गेलो नाही. यंत्रणा सुरळीत चालली की लोक तिला विसरतात, हेच तिचं यश.
रजा पंधरा दिवसांनी वाढवून मागितली. साहेब म्हणाला, हवी तेवढी घ्या. शेवटी किंमत कळली म्हणायची.

२४ मार्च, संध्याकाळी ६
बायको कायम झाली. मी म्हणालो, बघ, शिस्त लावली की सगळं होतं. ती म्हणाली, दहा तारखेपासून सगळी सेशन क्लिनिकमधल्या रिकाम्या खोलीतून घेतली आहेत. सासऱ्यांना माहीत होतं. मग तिने एक फॉर्म पुढे ठेवला. घरून काम करणार की क्लिनिकमधून? क्लिनिकमधून. बसने सव्वा तास, जायला तेवढा, यायला तेवढा. घरी भरवशाचं इंटरनेट आहे का? नाही. नसल्यास कारण लिहा. खाली चांगल्या तीन ओळी रिकाम्या होत्या. तिने एकच शब्द लिहिला होता: नवरा.
साक्षीदार म्हणून सही सासऱ्यांची.

२५ मार्च, सकाळी १०.३०
बायको बसने गेली. सासरे तिला सोडायला गेले, ते परस्पर वाचनालयात बसणार आहेत. तिथे व्हिडिओ अडकत नाहीत म्हणाले.
दुसरी रांग तपासली. पॅकेट शून्य. तिसरीही शून्य. चूक शोधली. चूक नव्हती. फार वाईट वाटलं.
स्पीड टेस्ट घेतली. उत्तम आली. घरात सांगायला कुणी नव्हतं म्हणून पुन्हा घेतली. तेवढीच आली.