एका सकाळच्या वजनावरून

बोईसर,
शनिवार, १९ एप्रिल २०२५

ती. सखीआत्या,

नमस्कार. तुझ्या हाताखाली शिकलेल्या योगिताला मुलगी झाल्याचं कळलं. बाळ-बाळंतीण ठीक असतील. तू तिथे आहेस म्हणजे असणारच. तू अजून आठवडाभर नाशिकला आहेस असं ती म्हणाली, म्हणून पत्र तिच्या पत्त्यावर पाठवते आहे. मी बरी आहे. फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर तेवढा चढत नाही.

आधी २३ मार्चला, रविवारी, काय घडलं ते क्रमाने लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

१. सकाळी सव्वासातला मी पोशेऱ्याला पोचले.
२. मोगऱ्याच्या बागेत तू आणि पोशीवहिनी, दोघीच कळ्या खुडत होतात. तिचा नवरा जिव्यादादा बांधावर झोपला होता. बाकी कोणी आलं नव्हतं.
३. खुडणी संपल्यावर मी माल माझ्या काट्यावर तोलला. तीन किलो दोनशे ग्रॅम.
४. निम्म्याहून जास्त कळ्या झाडावरच उमलल्या. उमललेलं फूल व्यापारी घेत नाही.
५. ओट्यावर बसून मी तुला लॅपटॉपवरचा तक्ता दाखवला. तुझ्या निवृत्तीच्या पैशांतले बारा लाख कुठे ठेवायचे ते ठरायचं होतं. पर्याय चार: इथे बोईसरला फ्लॅट, म्युच्युअल फंड, पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, आणि बाग वाढवणं. बाग चौथी आली.
६. तू म्हणालीस, "फ्लॅट नको."
७. मी म्हणाले, "एकतीस वर्षं सुया टोचल्यास तू. गुंतवणुकीतलं तुला काय कळतं?" पोशीवहिनी तिथेच होती.
८. तू चहा ओतलास, तुझा प्यायलीस आणि कपबशी विसळून बागेत गेलीस.
९. दुपारच्या गाडीने मी परतले.

त्यानंतर आपण बोललेलो नाही.

तक्त्यात मी काय धरलं होतं ते तू नीट पाहिलंच नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. फ्लॅटची किंमत दरवर्षी किती वाढेल, भाडं किती येईल, देखभाल आणि कर किती जाईल. फंडाचा गेल्या पंधरा वर्षांचा सरासरी परतावा, आणि मधल्या पडझडीची दोन वर्षं वेगळी. पोस्टाचं व्याज ठरलेलं आहे, तिथे प्रश्न नव्हता. बागेसाठी मी त्या रविवारचं वजन घेतलं आणि हंगामाच्या दिवसांनी गुणलं. मजुरांच्या रकान्यात 'बेभरवशाचे' असं लिहिलं. जमिनीच्या किमतीपुढे शून्य लिहिलं, कारण आपली जमीन आदिवासी खातेदाराची. ती बाहेरच्याला विकता येत नाही, आणि जे विकता येत नाही त्याला बाजारभाव नाही.

त्या शून्यावर बोट ठेवून तू एकच वाक्य बोलली होतीस. "विकता येत नाही म्हणून तर अजून आहे." मी ते भावनिक म्हणून सोडून दिलं.

गेल्या शनिवार ते सोमवार, १२ ते १४ एप्रिल, मी पोशेऱ्याला गेले होते. तू नाहीस हे माहीत असताना गेले. पोशीवहिनीने तुला फोनवर सांगितलं असेल. नसेल तर मी सांगते आहे. कोंबड्यांना दाणे घालायला गेले असं मी ऑफिसात सांगितलं. खरं म्हणजे आणखी आकडे घेऊन माझंच म्हणणं पक्कं करायला गेले होते.

शनिवारी सकाळी नऊ किलो शंभर. रविवारी आठ सहाशे. सोमवारी नऊ चारशे.

मी काटा दोनदा तपासला. सोबत नेलेलं प्रमाण वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

"काय गं बाय," जिव्यादादा म्हणाला, "काट्याला ताप आलाय काय? सारखी हात लावून बघतंस."

"त्या दिवशी तीन किलो भरलं होतं," मी म्हणाले. "आज नऊ कसं?"

पोशीवहिनी हसायलाच लागली. हातातली टोपली खाली ठेवून हसली. "बाय, तू आलीस त्याच्या आदल्या रातीला आपल्या पाड्याचा बोहाडा नव्हता का? हा सोंग घेऊन नाचला सकाळपर्यंत. उठवाय गेले तं मलाच लाथ मारली. समदा पाडा निजलेला. मी आन शिस्टर, दोघीच."

आत्या, मी पोशेऱ्यात जन्मले. लहानपणी बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेत मास्तरसुद्धा पेंगायचे, हे मला पाठ आहे. मुखवटे नाचून गेल्यावर सकाळी कोण विळा-टोपली उचलतं? आणि मी नेमकी तीच सकाळ मोजली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"शिस्टर नको बोलली. बोलली, हिला कोणी सांगू नका, हिची हिला आठवू दे. पोर तं इथलीच हाय."

"इथली कुठली," जिव्यादादा म्हणाला. "बोईसरची झाली ती. तिकडं बोहाडा नसतो, शिफ्ट असते."

माझं काम तुला ठाऊक आहे. कारखान्यांचे वजनकाटे तपासून ते बरोबर असल्याचा दाखला मी देते. आमच्या प्रयोगशाळेत एका रीडिंगवर कुठलाही काटा पास होत नाही; दहा घ्यावी लागतात, वेगवेगळ्या वेळी. हा नियम मी नव्या मुलींना शिकवते. तुझ्या उतारवयाचा हिशेब मात्र एका रीडिंगवर केला, आणि वर तुझ्या अकलेचं माप काढलं.

तक्ता दुरुस्त केला. पण त्यात बसत नाहीत अशा काही गोष्टी त्या तीन दिवसांत कळल्या.

बागेच्या विक्रीतला निम्मा वाटा पोशीवहिनीच्या घरचा आहे, हे मला माहीत होतं. मी तो खर्चाच्या बाजूला धरला होता, आणि जास्त आहे असा शेरा मारला होता. लावणीच्या वर्षी तू काय केलंस ते मला माहीत नव्हतं.

"पहिल्या सालाला झाडांना कळी कुठली," ती सांगत होती. "तरी शिस्टर दर आठवड्याला हजेरी देई. मी बोलले, फुकटचं कशाला देता? तं बोलली, फुकट कसं, तू इथं हायेस ना."

"दिवाळी झाली नि भट्टीवाल्याचा माणूस आला उचल घेऊन," जिव्यादादा म्हणाला. "मी बोललो, यंदा नाय येत. तो हसला. बोलला, फुलं खाशील काय?"

"मग?"

"मी बोललो, तू विटा खातंस?"

त्यांच्या घरात कोणाच्या नावावर कधीच जमीन नव्हती. जिव्यादादाचा बाप वीटभट्टीवर जायचा, आजाही. दिवाळीनंतर घराला काटेरी फांदी लावून निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. मोगऱ्याची खुडणी पहाटेपासून, ऐन त्याच महिन्यांत. म्हणजे तुझी बाग चालायची असेल तर ती माणसं गावात राहायला हवीत. मी या मुद्द्याला 'धोका' म्हटलं होतं. आता वाटतं, बाग तू माणसं राहावीत म्हणूनच लावलीस. फुलं नंतर सुचली असतील. मी चुकत असेन तर सांग.

असं वाटायला कारण आहे. रविवारी माझ्या काट्याची बॅटरी संपली. पोशीवहिनी म्हणाली, शिस्टरचा टांगायचा काटा कपाटात आहे. तो काढताना खाली निळी वही मिळाली. ती मी उघडली. विचारलं नाही, याबद्दल क्षमा माग म्हणालीस तर मागेन. पण वाचली नसती तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही.

भट्टीवर जाणाऱ्या घरांतल्या मुलांची नावं. प्रत्येकापुढे दोन वजनं: जाण्याआधी ऑक्टोबरचं, आल्यावर जूनचं. एकतीस वर्षं. दवाखान्याच्या नोंदवहीत हे असणार नाही. ही तुझी तू ठेवलेलीस. मी सगळी पानं पाहिली. पाच वर्षांखालची मुलं आठ महिन्यांत दीड-दोन किलोने वाढायला हवीत. इथे बहुतेक तिथल्या तिथे आहेत, आणि पुष्कळ जण घटलेत. काही ओळींत जूनचा रकाना रिकामा आहे. मी त्यांचा अर्थ पोशीवहिनीला विचारला नाही.

शेवटच्या पानांवर पोशीवहिनीची लेक रुपी आहे. ऑक्टोबर २०२३, म्हणजे लावणीच्या वर्षी, बारा किलो चारशे. जून २०२४, तेरा किलो नऊशे. पुढे काही शेरा नाही. बरोबरची खूणसुद्धा नाही.

आमच्या कामात याला मोजमाप म्हणतात, आत्या: एकच काटा, एकच हात, तेच महिने, आणि निष्कर्षाची घाई नाही. माझ्या शिक्षकांत आणि साहेबांतसुद्धा इतक्या शिस्तीची नोंद मी पाहिलेली नाही. आणि मग तू त्या वहीवरून ठरवलंस की बागेच्या लावणीत चार लाख घालायचे. मी फंडाची पंधरा वर्षं पाहून स्वतःला अभ्यासू समजत होते.

हे स्तुतीसाठी लिहीत नाही. तुला स्तुती आवडत नाही आणि मला जमत नाही.

आता माझं मत, कारण ते तू कधीतरी विचारशीलच. बारा लाख सगळे बागेत घालणं मला अजूनही चूक वाटतं. एका रोगाने सातशे झाडं जाऊ शकतात. भाव तू सांगतेस तसा सणाला चढतो, पण मध्ये खर्चही निघत नाही असे आठवडे येतात, जिव्यादादानेच सांगितलं. शिवाय तू अठ्ठावन्न पार केलीस आणि तुझे गुडघे मी पाहिलेत. माझ्या मते तीन लाख बागेत, पाण्याची दुसरी टाकी आणि आणखी दहा गुंठे. त्यात अजून दोन घरं भट्टीवर न जाता गावात राहतील असं पोशीवहिनी म्हणते. त्यांनी यंदाच विचारलंय म्हणे. सहा लाख पोस्टात, त्याचं दरमहा व्याज तुझ्या पेन्शनला जोड. तीन फंडात, पण दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. फ्लॅट यात बसत नाही. कर्ज काढल्याशिवाय तो होत नाही, आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता निम्मासुद्धा निघत नाही. हे मला मार्चमध्येही दिसत होतं.

दिसत होतं, तरी मी तो पहिला ठेवला. यापुढचं लिहायला मला अडीच पानं लागली.

फ्लॅट मी बुक केला आहे. ८ मार्चला. तक्ता दाखवायच्या दोन आठवडे आधी. एक्कावन्न हजार माझे भरले, आणि अर्जावर दुसरं नाव तुझं लिहिलं. तुझी सही नंतर घेईन म्हणून सांगितलं. माझ्या एकटीच्या पगारावर कर्ज मिळत नाही, आणि तुझे बारा लाख भरले की उरलेलं मिळतं. म्हणजे तुझ्यासमोर ठेवलेले चार पर्याय चार नव्हतेच. उत्तर आधी ठरवून मी आकडे लावले होते. माझ्या हाताखालच्या मुलीने हे केलं असतं तर मी तिला कामावरून काढलं असतं.

कारण म्हणून मी स्वतःसाठी घर हवं असं सांगू शकते, आणि ते खोटं नाही. पण फ्लॅटला दोन खोल्या आहेत. आतली खोली रस्त्याच्या बाजूला नाही, तिथे आवाज येत नाही. स्टेशनजवळचा दवाखाना पायी सात मिनिटांवर आहे, मी चालून पाहिलं. पोशेऱ्याहून जव्हारचा दवाखाना गाठायला तुला गाडी शोधावी लागेल, आणि गाडी शोधायला तू कोणाला उठवणार नाहीस, हे मला माहीत आहे. आई गेल्यापासून मला असलेलं माणूस एकच आहे. ते सत्तर किलोमीटरवर डोंगरात राहतं आणि बरं नसलं तर कळवत नाही.

हे मी मार्चमध्ये ओट्यावर म्हणायला हवं होतं. त्याऐवजी परतावा म्हणाले.

पोशीवहिनीसमोर जे बोलले त्याबद्दल तिच्यासमोरच सोमवारी चूक कबूल केली आहे. ती म्हणाली, "शिस्टरला सांग, मला काय." म्हणून तुलाही सांगते. मी चुकले.

बुकिंग ३० एप्रिलपर्यंत रद्द करता येतं. पैसे परत मिळतात. त्यानंतर नाही. हिशेबाने उत्तर 'रद्द' असंच आहे. तरी मी अजून केलेलं नाही, कारण आतली खोली ज्या माणसासाठी पाहिली त्याला एकदाही विचारलेलं नाही. तू इथे बोईसरला माझ्यासोबत राहायला येशील का? तुझे पैसे नकोत, फ्लॅट रद्दच करेन; तू हो म्हणालीस तर मी आपल्या दोघींसाठी दुसरी लहान जागा भाड्याने बघेन. नाही म्हणालीस तर का ते सांगायची गरज नाही.

हो किंवा नाही, एवढंच, मला रविवार, २७ एप्रिलपर्यंत कळव.

तुझी,
वर्षाली