न तोललेली बॅग

दि. १२ जुलै

ती. बाबांस,
खारूचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही आपल्या मनाचं ऐकता, म्हणून खुशालीसुद्धा कागदावर उतरवलेली बरी. होस्टेलची खोली ठीक आहे. खिडकी उघडायला दोघी लागतात, बंद मात्र ती आपली आपण धाडकन होते. खोलीतली मैत्रीण दिवसभर अबोल असते आणि झोपेत बडबडून सगळी भरपाई करते.

आता रडगाणं. आत्याच्या मुलाने वापरून दिलेला लॅपटॉप म्हणजे नुसता पाटा आहे. वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर, संगणकाचं काम दुसऱ्या इमारतीत, आणि मधे सामान ठेवायला कुठे कपाट नाही. मागच्या वर्षी स्कूटरवरून पडून डाव्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. जड काही उचलायचं नाही, थोडंफार असेल ते दोन्ही खांद्यांवर वाटून घ्यायचं, कारण आतली नस पुन्हा दुखावली तर हाताचा भरवसा नाही. हल्ली दुपारनंतर माझ्या बोटांना बधिरपणा येतो. मी डावखुरी, म्हणजे लिहिणं, टाइप करणं सगळं त्याच हाताचं. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण मी स्वतः घाबरले आहे.

तेव्हा हलका लॅपटॉप घ्यायचं ठरलंय तो जरा लवकर बघा. स्क्रीन मोठा नको. गेम खेळणाऱ्या मुलांना लागते तसली ताकद नको, मला आकड्यांचे तक्ते आणि टिपणं एवढंच करायचं आहे. बॅटरी दिवसभर पुरायला हवी, म्हणजे चार्जर खोलीवर राहील. दुकानं इथेही आहेत, पण तुम्ही एकदा हातात घेऊन पाहिल्याशिवाय मला वस्तू घेतल्यासारखी वाटत नाही.

जेवणाची वेळ पाळा. लोभ आहेच, तो अंतरामुळे पातळ होऊ देऊ नका.

तुमची
खारू

*

दि. २६ जुलै

चि. खारूस,
अ. उ. आ.

मोहीम फत्ते. स्वयंपाकघरातला काटा कापडात गुंडाळून घेतला आणि दुकानात जाऊन काउंटरवर ठेवला. दुकानदार आधी हसला. वजन खोक्यावर छापलेलं असतं असं म्हणाला. मी त्याला सांगितलं की मीही माझ्या बॅगांवर ‘अतिमजबूत’ असा शिक्का मारत असे. मग तो एकेक काढून देऊ लागला.

पहिला हलका होता, पण बॅटरी दुपारीच मान टाकणारी. दुसरा त्याहून हलका, पण स्क्रीन एवढासा की तुला आकडे बघायला भिंग लागलं असतं. तिसऱ्याची बिजागरी कुरकुरत होती. चौथा घेतला. चार्जरसकट तोलला, चार्जरशिवाय तोलला, दुकानदाराच्या मुलीच्या डब्याशी तुलना करून पाहिली. डबा जड भरला. झाकण एका बोटाने उघडतं आणि बटणं मऊ आहेत. माझं नाव टाइप करून पाहिलं, दोनच चुका झाल्या.

पण खारू, एवढी पातळ वस्तू मी जन्मात पाहिली नाही. झाकणावर अंगठा दाबला तर ते चक्क आत गेलं. माझा जीव खालीवर झाला. कुणी धक्का दिला, तू जिन्यावर घसरलीस, तर काय उरेल? म्हणून लगेच पाठवत नाही. त्याच्यासाठी पाठीवरची बॅग शिवतो आहे, दोन्ही खांद्यांवर भार वाटून घेणारी. तुझी आई गेल्यापासून मशीनवर चादर होती ती काल काढली. तेल घातलं, पट्टा बदलला. पहिला टाका वाकडा गेला, पण मशीनने ओळख दाखवली.

तू बोटांची काळजी घे. माया आहेच, ती पार्सलात भरूनही पाठवतो आहे.

तुझा
बाबा

*

दि. ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘बरी आहे’ म्हणून सुटका करून घेते, म्हणून तू सगळं लिहून मागितलंस. लिहिते, पण हे तुझ्या-माझ्यात ठेव.

लॅपटॉप आला. इतका हलका की खोक्यात आहे की नाही ते मी हलवून पाहिलं. आणि त्याच्याबरोबर बाबांची बॅग आली. आत्या, काय सांगू तुला! दुहेरी कॅनव्हास, तळाला चामडं, पाठीकडे प्लायवूडची फळी, चारही बाजूंना बोटभर फोम, पितळी बक्कलं. वरून हत्ती बसला तरी लॅपटॉपवर ओरखडा उठायचा नाही. आतल्या अस्तराला आईच्या निळ्या पडद्याचं कापड आहे. ही रिकामी बॅग माझ्या जुन्या लॅपटॉपपेक्षा जड आहे.

मला हसू आलं आणि मग रडूच आलं. दोन वर्षं तो माणूस मशीनकडे पाठ करून बसला होता. तुम्ही सगळे समजावून थकलात. आता शिवायला बसलाय तर त्याला कोणत्या तोंडाने सांगू की तुमच्या बॅगेने माझा हात दुखतोय? एकदा लॅपटॉप साध्या कापडी पिशवीत घालून निघाले, पण दारातून मागे वळून पाहिलं तर बॅग खुर्चीवर बसली होती, अगदी बाबांसारखी. परत फिरले आणि तीच पाठीला लावली.

परवा हातातून ग्लास निसटला. शर्टाची बटणं आता उजव्या हाताने लावते. कॉलेजच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वजन आजच्या आज थांबव, नस दबते आहे. असंच चालू राहिलं तर हे सत्र सोडून घरी जावं लागेल, आणि बोटांत ताकद परत येईलच असं त्या सांगू शकत नाहीत. मला कळतं गं सगळं. कळूनही वळत नाही.

बाबांना कळवू नकोस, तुला माझी शपथ. तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

तुझी
खारू

*

दि. १४ ऑगस्ट

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझी शपथ मी केराच्या टोपलीत टाकली आहे. नर्स म्हणून जन्म गेला माझा. दुखणं लपवणारे पुष्कळ पाहिले आणि त्यांना त्यांच्या नातेवाइकांनी नंतर काय काय ऐकवलं तेही पाहिलं. तू तुझ्या बापावर गेली आहेस. लहानपणी याला बूट चावत होते, तरी आमच्या वडिलांनी हौसेने आणले म्हणून टाच सोलून निघेपर्यंत गप्प राहिला. आईने मोजे धुवायला घेतले तेव्हा घरात कळलं.

त्याला वाईट वाटेल हे खरं. चार दिवस जेवणावर राग काढेल. पण तुझा हात गेला तर तो माणूस काय करेल, याचा विचार केलास? त्याला जपतेस म्हणता म्हणता तू त्याला केवढ्या खड्ड्यात ढकलते आहेस, ते तुला दिसत नाही. मला तुझा फार राग आला आहे, आणि तितकीच भीती वाटते आहे.

महिना संपेपर्यंत तूच त्याला लिही. ती बातमी तुझ्या हातची असली पाहिजे, माझी नव्हे. नाही लिहिलंस तर मी पिशवी भरून तिथे येऊन बसेन आणि तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीची झोपेतली बडबड बुडेल इतकी घोरेन. आणि बॅग आजपासून खुर्चीवर. तिला कंटाळा येत नाही.

रागावले असले तरी तुझीच,
आत्या

*

दि. २२ ऑगस्ट

चि. खारूस,
अ. उ. आ.

एक गंमत कळवायची आहे. पार्सल करण्याआधी तुझी बॅग त्या दुकानदाराला सहज दाखवली होती. त्याला ती इतकी आवडली की त्याने तशाच आणखी शिवायला सांगितल्या. त्यातली एक झाली, दुसरी मशीनवर आहे. शेजारचे घड्याळवाले काका रोज येऊन बसतात आणि शिलाई सरळ आहे की नाही यावर आपलं मत देतात. त्यांना दिसतं किती ते मला माहीत आहे, पण तेवढीच सोबत. चहा आता दोन कप होतो. घरात मशीनचा आवाज असला की भिंतीसुद्धा जवळच्या वाटतात. ऐकू कमी येत असलं तरी तो आवाज मला पायातून कळतो.

तू मात्र बॅगेबद्दल काहीच लिहिलं नाहीस. पाठीला टोचते का? पट्टा काखेत घासतो का? दुकानदाराच्या बॅगा मी तुझ्या सांगण्यावरूनच सुधारणार आहे. खरं काय ते लिही. आणि बोटं कशी आहेत?

तुझ्या पत्राची वाट बघतो. माया आहेच, तिला उसवू देणार नाही.

तुझा
बाबा

*

दि. ३० ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला की मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवलं. बॅग छान आहे. पाठीला अगदी बसते, कुठेच टोचत नाही, पट्टाही घासत नाही. सगळे विचारतात कुठे घेतली. बोटं बरी आहेत. लॅपटॉपची बॅटरी खरंच दिवसभर पुरते. अभ्यास जोरात चालू आहे. चाचणी जवळ आली म्हणून पत्र लहान, रागावू नका.

घड्याळवाल्या काकांना नमस्कार. तुमची माया अशीच राहो.

तुमची
खारू

*

दि. ७ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. वाचलं, मग डोळ्यांवरून चष्मा काढून नुसतं बघितलं. जुलैतलं पत्र शेजारी ठेवलं. त्यात तू पेन इतकं दाबलं होतंस की कागदाच्या मागून हात फिरवला तर अक्षरं लागायची. या पत्राची मागची बाजू गुळगुळीत आहे. ओळ डावीकडे नीट सुरू होते आणि अर्ध्यावर खाली लोंबायला लागते. माझ्या मशीनचा टाका असा लोंबला तर मी दोऱ्याला दोष देत नाही, कुठे ओझं पडलं आहे ते शोधतो.

दुकानदारासाठी शिवलेली बॅग खुंटीवर होती. ती काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ज्या काट्यावर मी लॅपटॉप तोलला, चार्जर तोलला, एका लहान मुलीचा डबासुद्धा तोलला, त्याच्यावर ही बॅग ठेवायचं मला सुचलं नव्हतं. आपण शिवलेल्या वस्तूचं वजन आपल्या हाताला कधी लागत नाही. काटा जिथे जाऊन थांबला ते बघून मी खाली बसलो. मग पुस्तकं भरून ती पाठीला लावली आणि पोस्टापर्यंत चालत गेलो. परत येताना सोबत आलेल्या घड्याळवाल्या काकांच्या हातात दिली. या वयात माझा खांदा दुखला, आणि माझं तर कुठलं हाड मोडलेलं नाही.

मला तुझ्या आत्याने काही कळवलेलं नाही, तिला उगाच बोलू नकोस. उलट मीच तिला लिहिलं आहे की आजच निघ आणि तुझ्याजवळ जाऊन राहा.

सोबत नवी बॅग पाठवतो आहे. एकपदरी सुती कापड, डाव्यावर आता काहीच नको म्हणून उजव्या खांद्यावर घ्यायचा एक पट्टा, बाकी काही नाही. फळी नाही, फोम नाही, बक्कल नाही. अस्तरही घातलं नाही. निळं कापड उरलं होतं, पण तेही वजनच. लॅपटॉप पडला तर पडू दे, फुटला तर फुटू दे, मी पुन्हा काटा घेऊन दुकानात जाईन.

आता एक ऐक. मी काय एवढा नाजूक आहे का गं, की मला पुठ्ठा लावून, फोम लावून ठेवावं? तू दुखणं दाबून हसरं पत्र लिहिलंस आणि मी ते घड्याळवाल्या काकांना वाचून दाखवलं, याचं मला फार वाईट वाटतं. बॅग जड झाली याच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. यापुढे मला नुसती खुशाली नको. पुढच्या पत्रात एक तरी तक्रार असली पाहिजे, नाहीतर पत्र टाकूच नकोस. आणि डाव्या हाताने लिहू नकोस. उजव्याने लिही. कोंबडीचे पाय उमटले तरी मी वाचीन.

जीव लागून राहिला आहे.

तुझा
बाबा

*

दि. २३ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उजव्या हाताने लिहिते आहे. एवढ्या ओळींना दुपार गेली.

बोटं बरी नाहीत. डॉक्टरीणबाई रोज व्यायाम करून घेतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून माझं ऐकत नाहीत. या सत्राची परीक्षा देता येईल का, ते त्या अजून सांगत नाहीत. आत्या माझी वेणी घालते आणि खरंच घोरते. काल मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले. मला घरी यावं लागेल याची भीती वाटते. तुमच्यासमोर रडायची त्याहून जास्त भीती वाटत होती. आता नाही वाटत.

नवी बॅग आली. हलकी आहे. जुनी मी टाकलेली नाही, ती खुर्चीवर बसून असते.

तक्रार मागितलीत म्हणून लिहिते. बाबा, पट्टा लांब झाला आहे. जिना चढताना बॅग गुडघ्यावर आपटते. चार बोटं कमी करून द्या.

तुमची
खारू