चष्मा येईपर्यंत

४ जुलै

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तू स्वतः बांधणी करून दिलेली ती पत्रांची कादंबरी संपत आली. नायिका पहिल्यांदाच मोठ्या जगात येते आणि घरी पत्रं लिहून सगळ्यांची टर उडवते. मीही तिच्याच वाटेवर! चष्म्यांच्या दुकानात काम ठीक चाललंय. मालकांकडच्या समारंभात तर तिघांनी माझ्या बोलण्याचं कौतुक केलं. घरमालकीणबाई मात्र अस्सल खलनायिका. भाजीत नुसतं पाणी, आंघोळीला अर्धी बादली, वर दिवसभर टोमणे. हसलीस ना?

तुझी लाडकी (आणि वाळलेली)
भिंगरी

१२ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हसते कसली, घास घशाखाली उतरेना. ताई गेल्यावर तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, आणि मीच तुला तिकडे धाडलं. दोन दिवस बांधणीत लक्ष नव्हतं, एका पुस्तकाची पानं उलटी शिवली. शेवटी त्या बाईंना पत्र टाकलं आणि चांगली खरडपट्टी काढली. आईविना पोरीला उपाशी ठेवताना लाज कशी वाटत नाही, असं सरळ विचारलं. तू घाबरू नकोस.

अर्धा जीव तुझ्यापाशी ठेवून,
मावशी

२४ जुलै

ती. मावशीस सा. न.

मावशी, मी खोटं लिहिलं गं. समारंभात माझ्याशी कुणी बोललंच नाही. दोन तास भिंतीला टेकून उभी होते. घरी येऊन रडले तेव्हा बाईंनीच जवळ घेतलं. पण रडले हे तुला कळवायची लाज वाटली. कादंबरीतल्यासारखी एक छळणारी बाई हवी होती, म्हणून त्यांनाच धरलं.

तुझं पत्र आलं तेव्हा त्यांचा चष्मा आमच्या दुकानात दुरुस्तीला होता. त्यांनी ते मलाच वाचायला सांगितलं. मी मनानेच आभार रचून वाचले. त्या इतक्या सुखावल्या की पत्र उशीखाली ठेवलं. म्हणाल्या, चष्मा आला की स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा वाचीन.

चष्मा तयार होऊन सहा दिवस झाले. तो माझ्या पिशवीत आहे. त्या रोज विचारतात, आणि मी रोज सांगते की काच यायची आहे. काल त्यांची जिन्यातली पायरी चुकली. गुडघा सुजलाय, तरी लंगडत माझं पान वाढलं.

आज चष्मा देते. पुढचं पत्र मात्र या पत्त्यावर टाकू नकोस, मी कळवीपर्यंत थांब.

तुझ्या मायेला पात्र उरले असेन तर तुझीच,
भिंगरी