पेशंटसोबत आलेला

१२ मार्च, सांगली

सकाळी अकराला कॅज्युअल्टीत रिक्षातनं एक पोरगा आणला. आर्जव, बावीस वर्षांचा, हळदीच्या व्यापाऱ्यांचा. ताप एकशे सहा. दातखीळ, अंगाला झटके, बाहुल्या मोठ्या. सोबत खोलीवरचा मित्र धनाजी, वडूजचा. म्हणाला, "चक्कर आली." डॉक्टरांना पटलं नाही.

अंगभर बर्फ, सलाईन, झटक्यांचं इंजेक्शन. लघवीची नशेची तपासणी केली — काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "या नव्या गोळ्या किटला दिसतच नाहीत."

धनाजीला बाजूला घेतलं. आधी न्हाई न्हाई. मग, "पोलिसास्नी सांगणार न्हाई न्हवं? मोबाईलवरनं मागवलेली गोळी हाय. कसली ते म्हायत न्हाई."

"तू घेतलीस?"

"न्हाई सिस्टर."

पोलिसांना कळवावंच लागतं, नियम आहे. हवालदार आत आला आणि धनाजी बाहेर गेला. परत आला नाही.

१३ मार्च

दुपारी आर्जव शुद्धीवर. वडील जयपालकाका कालपासून कॉटपाशी बसून आहेत. आर्जवनं पहिलं विचारलं ते, "धनाजी कुठाय? मी एक घेतली, त्यानं दोन."

फोन बंद. डॉक्टरांना सांगून स्कूटीवरनं त्यांच्या खोलीवर गेले. दार नुसतं लोटलेलं. न्हाणीत पडला होता. श्वास चालू. १०८ बोलावली.

लघवी काळ्या चहासारखी — तापानं स्नायू विरघळले, त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकला. डायलिसिस लावलं.

१४ मार्च

डायलिसिस. लघवी नाही.

१६ मार्च

धनाजीची आई आली, साळूबाई. आयसीयूच्या दारात मला गाठलं. "आवं सिस्टर, मित्राला घिऊन आला तवा ह्यो हितंच हुता न्हवं? तवाच का न्हाई बघितलं?"

म्हटलं, "तो काही बोललाच नाही, मावशी. आम्हाला कसं कळणार?"

तिनं मान हलवली. "व्हय. ल्हानपणापास्नं तसाच हाय. दुखलं तरी सांगत न्हाई."

मग डबा उघडून मला अर्धी भाकरी दिली. खाल्ली.

१८ मार्च

धनाजी सकाळी सव्वानऊला गेला.

बारा तारखेला, कॅज्युअल्टीत आर्जवच्या औषधांची चिठ्ठी देताना त्याचा हात माझ्या हाताला लागला होता. चटका बसावा इतका गरम. पळापळ केली असेल, असं मीच ठरवलं.