खुंटीवरचा सदरा

बाबा, तुम्ही अकरावीला राज्यशास्त्र शिकवायचात तेव्हा मी तिसऱ्या बाकावर बसायचे आणि तुम्ही मलाही इतरांसारखीच आडनावाने हाक मारायचात. एकदा मी विचारलं होतं, ज्या जपानवर अमेरिकेने बॉम्ब टाकला तोच जपान त्याच अमेरिकेच्या बॉम्बच्या आसऱ्याला कसा जातो? वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, शेजारी दांडगे असले आणि स्वतः बॉम्ब करणं परवडणारं नसलं, किंवा मनच धजत नसलं, की मोठ्याचा आसरा घ्यावा लागतो. पण नुसत्या शब्दावर शेजारी विश्वास ठेवत नाही, म्हणून मोठा आपले थोडे सैनिक तिथे आणून ठेवतो. ते लढाई जिंकायला नसतात. त्यांना हात लागला तर मोठ्याला घरी बसून राहता येणार नाही, एवढं दिसावं म्हणून असतात. मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

लग्न होऊन मी उरणच्या बाजूला गेले आणि वर्षाच्या आत नवऱ्याने हात उचलला. तुम्ही एसटीने आलात, ओट्यावर बसून चहा घेतलात, आवाज चढवला नाहीत. कचेरीत, पोलीस ठाण्यात तुमचे विद्यार्थी आहेत हे सासऱ्यांना ठाऊक होतं, ते सांगायची गरजच पडली नाही. निघताना घामेजलेला सदरा बदललात आणि तो माझ्या खोलीतल्या खुंटीला अडकवलात. राहू दे, येणं-जाणं असतंच, म्हणालात. मी तो धुवायला काढला तर सासूबाई म्हणाल्या, "मास्तरांचा हाय तो. तितंच ठेव." मग किती महिने घर शांत राहिलं. नवरा चिडला की खुंटीकडे बघायचा आणि बाहेर निघून जायचा. मला हसू यायचं. पण राखण तुमची, म्हणून ठरवणारेही तुम्हीच. नोकरीचं नाव काढू नकोस, उलट बोलू नकोस, नांदायचं. मी नांदले.

तुमचं तेरावं करून परत गेले तर खुंटी रिकामी. सदऱ्याचं सासूबाईंनी पोतेरं केलं होतं, चुलीपुढची जमीन सारवायला. त्या संध्याकाळी नवऱ्याने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. माराहून मला त्या पोतेऱ्याचं दुःख जास्त झालं, बाबा. अजून होतं. पुढे मी ते घर सोडलं, कामोठ्यात एक खोली घेतली, शिकवण्या धरल्या. कोणाच्या आसऱ्याशिवाय जमलं, पण फार उशिरा.

एक दुपार मात्र डोक्यातून जात नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणाआधीची. पनवेलच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसून सुकट-भाकरी खाताय. मी वाढतेय. मी विचारते, "बाबा, खरंच वेळ आली तर मोठा देश दुसऱ्यासाठी स्वतःचं शहर जाळून घेईल?"

तुम्ही हातातला घास परत ताटात ठेवता. मग वर्गातला आवाज सोडून म्हणता, "ती वेळ येऊ नये म्हणूनच तर सगळं असतं, बाय."

उत्तर बरोबरच होतं. वर्गात मी ते लिहून घेतलं असतं. मी तुमचं ताट उचललं, भांडी घासली आणि संध्याकाळची एसटी धरली.

हे लिहिलेले कागद मी कुठे पाठवणार नाही, घडी करून ठेवीन. तुम्हाला सांगायचं राहिलं ते एवढंच की त्या दिवशी मी परत जायला आले नव्हते. दाराआडच्या पिशवीत माझ्या सगळ्या साड्या होत्या.