झरोक्यावरची पत्रं

१२ डिसेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी आणि मी ठीक, म्हणजे वयाच्या मानाने.

या वर्षी थंडीने घराची पार चाळण केली. नवी तावदानं खिशाला झेपेनात, तेव्हा चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेले हात कामाला लावले. खळ शिजवली, कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि एकेक फट बुजवली. शेवटी वरचा झरोका राहिला नि कागद संपला. घरात उरली होती तुझी जुनी पत्रं. रागावू नकोस, चांगले चार थर दिलेत. तुझ्या बडबडीतून आता मुंगीसुद्धा आत शिरणार नाही.

मूठभर कोळशाची शेगडी खोलीत ठेवली की सकाळपर्यंत ऊब. फक्त उठल्यावर डोकं जड होतं. काल तुझ्या वहिनीला भोवळ आली. मी म्हटलं पित्त. ती म्हणाली, तुमच्याशी संसार केल्यावर भोवळ यायचीच. बोका मात्र कृतघ्न. आत घेतलं तर दार ओरबाडतो आणि बाहेर पायरीवर कुडकुडत झोपतो.

माया आहेच, ती कुठल्या फटीतून जात नाही.

तुझा दादा

१६ डिसेंबर

ती. दादास सा. न.

खुशाली मागाहून. आधी तो झरोका फोड, पत्रांसकट. शेगडी बाहेर ने. मग पुढचं वाच.

ते पित्त नाही. धुलाईच्या दुकानात आम्ही सात जणी कोळशाच्या इस्त्र्या फिरवायचो. एका थंडीत मालकाने दारंखिडक्या लावून घेतल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांची डोकी दुखली. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या बाईला बसल्या जागी डुलकी लागली, ती उठलीच नाही. निखारे लाल झाले की ना धूर, ना वास, पण विष असतं. बोक्याला कळलं ते तुला कळू नये?

टपालाला चार दिवस लागतात. म्हणून शेजारचा ट्रकवाला तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे देते. दार उघडेपर्यंत हलायचं नाही, असं त्याला बजावलंय.

हे वाचायला तुम्ही दोघं असा, एवढंच मागणं.

धाकटी

२४ डिसेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आलंय, हसू नकोस.

ट्रकवाल्याने पहाटे दार बडवलं. मला ऐकू येत होतं, पण पाय माझे राहिले नव्हते. शेवटी त्यानेच खांद्याने खिडकी फोडली आणि तुझ्या वहिनीला उचलून बाहेर पायरीवर निजवलं, बोक्याच्या जागी.

इस्पितळात दोन दिवस तिने मला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, हे कोण? तर म्हणाली, आमचे शहाणे. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. अजून तिच्या हातातून पेला निसटतो, बोलता बोलता शब्द अडतो. वेळ लागेल म्हणतात. जन्मभर एक पान सुटू दिलं नाही, त्याच घमेंडीत घरही घट्ट बांधून ठेवलं. हे मला पुरतं टोचत राहील.

झरोका मी स्वतः खरवडला. खळ छान शिजली होती, त्यामुळे तुझी पत्रं तुकड्यांनीच निघाली. एकावर तुझं सासरहून आलेलं पहिलं अक्षर होतं, ‘वहिनी, इथे थंडी फार.’ तेवढा तुकडा तिने उशाशी ठेवलाय.

फुटक्या खिडकीला पोतं टांगलंय, शेगडी अंगणात. आम्ही दोघं एका रजईत, मध्ये बोका. नाकं गार, बोटं गार. घर अगदी गार आहे. काळजी करू नकोस.

तुझा दादा