ओरेस्तेचा श्वास

८ जानेवारी २०२४, ॲन आर्बर, अमेरिका

पोचले एकदाची! शुभामावशी एअरपोर्टवर माझ्यासाठी स्वतःचा जादा कोट घेऊन उभ्या होत्या. माझा नागपुरी स्वेटर बघून त्यांना हसू आवरेना. मावशी बाबांच्या जुन्या ओळखीच्या. नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात, घरात एकट्याच असतात. वरची खोली मला दिली आहे आणि तळघरात माझा स्टुडिओ. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला, बाबांना फोनवर जय भीम केला आणि मावशींच्या हातची भरली वांगी चापली.

माझं काम मावशींना समजावताना मजा आली. फोली म्हणजे पडद्यावरच्या माणसाची पावलं, साडीची सळसळ, कपबशीची किणकिण, सगळं स्टुडिओत नव्याने करून भरायचं. त्यांना पटेचना. म्हणाल्या, म्हणजे सिनेमात चालतो तो, आणि वाजतेस तू?

१३ जानेवारी

कार्ला इथे युनिव्हर्सिटीत शिकवते, मूळची बोलोन्याची. तिच्या डॉक्युमेंटरीसाठीच मला बोलावलंय: २०२०मध्ये कोविडमुळे शूटिंग बंद पडल्यावर इटलीतल्या सिनेमावाल्यांनी ते दिवस कसे काढले. चार दिवस त्यांची रेकॉर्डिंगं ऐकतेय. एक ड्रेसवाली राजेरजवाड्यांचे अंगरखे शिवायची, ती मास्क शिवायला बसली. लाइटमन सायकलवरून भाजी पोचवत होता. डबिंग करणारी एक बाई कपाटात, कोटांच्या मधे बसून संवाद म्हणायची, कारण घरात तेवढीच शांत जागा.

आणि ओरेस्ते. माझ्याच धंद्यातला. स्टुडिओला कुलूप लागल्यावर त्याने स्वयंपाकघरात माइक लावून एका अर्धवट मालिकेचे आवाज पुरे केले. ओलं फडकं आपटून चिखल, सेलरीच्या भाजीच्या दांड्या मोडून हाडं. ऐकताना मी एकटीच टाळ्या वाजवत होते. तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोविडने गेला. आजारपणातही त्याचा रेकॉर्डर चालू राहिला होता. त्याची मुलगी मिरेला हिने सगळ्या फाइल्स दिल्या, अट एकच घातली: शेवटची वापरायची नाही. तिने स्वतःही ती ऐकलेली नाही.

२० जानेवारी

कार्लाला सुरुवातीला काळा पडदा हवाय आणि त्यावर फक्त एका माणसाचा श्वास. मी करून बघितला. तोंडाशी उशी धरून, जिने चढून, पाण्यात नळी घालून. कार्लाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, तू श्वास घेण्याची ॲक्टिंग करते आहेस, हे ऐकू येतं. इतक्या वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. कान तापले माझे.

२२ जानेवारी

ओरेस्तेची ती शेवटची फाइल मी उघडली. फक्त ऐकायला, असं स्वतःला सांगितलं होतं.

ऐकून झाल्यावर त्यातला श्वासाचा तुकडा कापला आणि काळ्या पडद्यावर बसवला. अगदी बरोबर बसला.

२५ जानेवारी

कार्ला रडली. मला मिठी मारून विचारलं, कसा केलास हा? मी म्हटलं, उशीवर ओला टॉवेल टाकून. इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच शिसारी आली. आता शेवटच्या नावांमध्ये वेगळी ओळ येणार आहे: श्वास, उपासना मेश्राम. फिल्म मोठ्या फेस्टिव्हलला आधीच निवडली गेली आहे. बाबांनी कॉलनीत पेढे वाटले. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना सांगत होते, माझ्या पोरीने नुसत्या श्वासाने लोकांना रडवलं. मी कॅमेरा बंद केला. म्हटलं, नेट खराब आहे.

३० जानेवारी

बर्फ पडलाय. बसस्टॉपवर जाताना कळलं, सगळ्यांच्या बुटांखाली करकर वाजतंय, माझ्या नाही. मी थांबून दोन्ही पाय आपटले. काहीच नाही. कानाचा डॉक्टर गाठायला हवा.

१ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत. आज मी किचनमध्ये गेले तर मावशी दचकल्या, हातातला चहा सांडला. म्हणाल्या, अगं, मांजरासारखी काय येतेस? पाऊल वाजत नाही तुझं!

मी ताटावर चमचा आपटला. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. चमचाही वाजला नाही.

४ फेब्रुवारी

दुपारी मावशींशेजारी सोफ्यावर बसले होते. त्या विणत होत्या. तळघरात पावलं वाजली. माझीच. डाव्या पायावर जरा जास्त भार देऊन चालते मी, फोलीवाल्यांना आपली चाल पाठ असते. पावलं जिना चढून वर आली, दारापाशी थांबली. मावशींनी मान वर न करता हाक मारली, “उपासना, आलीस का गं? चहा ठेव.”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. विणकाम खाली पडलं.

दाराबाहेर कोणी नव्हतं.

६ फेब्रुवारी

कार्लाला मेल लिहिली, सगळं खरं. पाठवली नाही. फेस्टिव्हल, व्हिसा, बाबांचे पेढे— डिलीट केली. लाज वाटते हे लिहितानाही. भीतीपेक्षा लाज जास्त आहे, आणि तरीही पाठवली नाही.

टाळी वाजत नाही. दार लागल्याचं वाजत नाही. मी केलं ते काहीच वाजत नाही. तळघरात सगळं वाजतं— माझी बांगडी, माझं खोकणं. तिथे कोणीतरी मला एकेक करून भरतंय.

९ फेब्रुवारी

मिरेलाने फिल्म बघितली. कार्लाने मला कॉलवर घेतलं. मिरेला म्हणाली की सुरुवातीच्या श्वासाने तिला वडील आठवले, माझ्या हातात जादू आहे. थँक यू म्हणाली. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी हसले. हसण्याचा आवाज खालून आला— तळघरातून—

११ फेब्रुवारी

आवाज गेला. मावशींना कागदावर लिहून दाखवलं, काय केलं ते सगळं. त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, “कोविड वॉर्डात मी असे किती श्वास ऐकलेत, पोरी. ते आपले नसतात. आधी त्या मुलीला सांग.”

उद्या. मिरेलाला. तोंडाने जमलं नाही तर लिहून.

१२ फेब्रुवारी

सकाळीच कॉल लावला. मावशी शेजारी होत्या. कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मिरेला वाचायला लागली. मला निदान सॉरी तोंडाने म्हणायचं होतं. तोंड उघडलं—

श्वास आला. माझा नाही. तो, घरघरणारा, मधेच अडकणारा—

मिरेलाने कागदावरून नजर उचलली. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत फोनवर हाच श्वास ऐकला होता तिने. “पापा?” म्हणाली. “पापा, तू आहेस?”

मी तोंड दाबलं. थांबत नव्हता. ती ओरडत होती, बंद कर, बंद कर. मावशींनी लॅपटॉप मिटला.

नंतर

अजून चालूच आहे. मी घेत नाही, तोच घेतोय. मावशींनी ॲम्ब्युलन्स बोलावली आहे, माझी पाठ चोळत बसल्या आहेत. पावलं जिन्यावर— माझी—

लिहून ठेवते. तो श्वास मी केला नव्हता. ओरेस्तेचा होता. माझं नाव काढा. बाबांना—

फाइल मी पूर्ण ऐकली होती. पुढे काय आहे मला माहीत आहे. आता लांब येईल, मग छोटे, मग एक अडकेल आणि त्याच्यानंतर—

लांब येऊन गेला

छोटे